धबधबा मागू नये

रत्नागिरी म्हटलं की पाहुण्याला समुद्र दिसतो. आमच्या जिल्ह्याला पाठ आहे आणि ती पाठ म्हणजे सह्याद्री, हे पाहुण्यांचं सोडा, तालुक्याच्या कचेरीलासुद्धा दरड कोसळल्यावरच आठवतं. आमचं गाव त्या पाठीला टेकून बसलेलं आहे. मे महिन्यात मुरुडच्या वाळूत घोडागाडीसाठी रांग लागलेली असते, तेव्हा आमच्या एसटीच्या थांब्यावर एकच कुत्रं झोपलेलं असतं, आणि तेही पलीकडच्या गावचं.

हे बदलायचं असं माझ्या चुलतभावानं ठरवलं. मी त्याला दादा म्हणते. दादा मुंबईत लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. "आठ वर्षं वरखाली केलं, पोचलो कुठंच नाय," एवढंच कारण त्यानं दिलं. त्याला गावामागची जुनी घाटवाट पुन्हा चालती करायची होती. पहाटे पाहुण्यांना घेऊन निघायचं, करवंदांच्या जाळ्यांमधून वर पठारावर जायचं, उतरताना डोहात डुंबायचं आणि खाली आल्यावर काकूच्या हातचं जेवायचं. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. तरी ते एका माणसाला पटत नव्हतं, आणि घर त्याच माणसाचं होतं.

काका, म्हणजे दादाचे वडील, मुंबईत एका कचेरीत शिपाई होते. आयुष्यभर साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसले आणि निवृत्त होऊन गावी आले. पण त्यांचा राग मुंबई सोडण्यावर नव्हता, वाटेवर होता. आमचे आजोबा, म्हणजे काकांचे वडील, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा त्याच वाटेनं साहेबलोकांची ओझी घेऊन घाट चढायचे. पेट्या, बिस्तरे, आणि एकदा साहेबाच्या कुत्र्याची टोपली, आत कुत्र्यासकट. आमच्या वाडीतल्या माणसांना हे काम नेमूनच दिलेलं होतं. त्याला वेठ म्हणत. नाही म्हणायची सोय नव्हती.

"माझ्या बापसानं त्या वाटेनं लोकांचं ओझं वाह्यलं," काका म्हणाले. "मी शिकलो, मुंबईला गेलो, ते ती वाट सुटावी म्हणून. आता तू हौशीनं परत तिकडंच चाललास?"

"मी ओझं नाय वाहणार आबा. मी वाट दाखवणार."

"सुरुवात वाटेनंच होते. मग म्हणतात, जरा ही पिशवी धर."

शेवटी काकांनी एक रविवार दिला. मुंबईच्या गाडीचं सोमवारचं तिकीट त्यांनी आधीच काढून कपाटात ठेवलं, दादाच्या नावाचं. रविवारी माणसं आली नाहीत, तर त्या गाडीत बसायचं. माणसं आली आणि त्यातल्या एकाचंही सामान दादाच्या खांद्यावर दिसलं, तरी त्याच गाडीत बसायचं. काकूनं दादाची बॅग भरली, पण चेन लावली नाही.

माणसं आणायची तर पत्रक हवं. आणि पत्रक म्हटलं की आमच्या घरात मी.

माझे बाबा प्राथमिक शिक्षक होते, पण ते शाळा सुटेपर्यंत. शाळा सुटली की ते पत्रकं लिहायचे. रस्त्यासाठी, विहिरीसाठी, बंद पडलेल्या एसटीसाठी. मी अंकलिपीवर नाही, पत्रकांवर वाचायला शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'. आईनं पडवळाची भाजी केली की मी दोन्ही एकदम वापरायचे. माझ्या पाचव्या वाढदिवसाच्या आमंत्रणात बाबांनी 'प्रचंड संख्येने उपस्थित राहून केक यशस्वी करा' असं लिहिलं होतं. पुढे मी मिरजोळ्याला एका छापखान्यात लागले. तिथे आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं छापतात. हंगाम सरत आला होता आणि पिवळाजर्द कागद उरला होता. मालकांनी तो न्यायची परवानगी दिली.

दादा सांगायला बसला, मी लिहायला.

"लिही, खळाळता धबधबा."

"मे महिन्यात? तिथं दगड आहे."

"ओला दगड."

"कोरडा. काल त्यावर शेळी झोपली होती."

"अगो, जूनला होतो ना ओला?"

"मग जूनला लिहिते."

"तुझ्या तत्त्वांपायी मी सोमवारी गाडीत बसणार," दादा म्हणाला आणि उठून गेला. मला वाईट वाटलं, पण धबधबा लिहिला नाही. खोटं पत्रक आमच्या घरातून कधी बाहेर पडलेलं नव्हतं. चुकीचं, उतावळं, वेळ टळून गेल्यावरचं बरंच पडलं होतं. खोटं नाही.

मी एका बैठकीत लिहिलं ते असं:

"जाहीर आवाहन! बंधू-भगिनींनो, किती दिवस समुद्राकडेच तोंड करून बसणार? डोंगर तुमची वाट पाहत आहे! येत्या रविवारी सकाळी सहा वाजता एसटी थांब्यावरील वडाखाली जमा. तेथून जुन्या घाटवाटेने घाटमाथ्याकडे कूच! पाणी व टोपी सोबत आणावी. आमच्या मागण्या: एक, नदीच्या वाळूत खणलेल्या डुऱ्यात पाय घालू नयेत, ते पाणी आम्ही पितो. दोन, आपले ओझे आपणच उचलावे. तीन, धबधबा मागू नये. मे महिन्यात तो नसतो, आणि जो दाखवतो म्हणतो तो फसवतो. चार, वाटाड्याला 'ए' म्हणू नये. पाच, करवंदे पोटभर खावीत, पिशवीभर नेऊ नयेत. चलो घाटमाथा!"

बाबांनी ते चष्मा वर-खाली करून दोनदा वाचलं. मग गंभीरपणे म्हणाले, "'हजारोंच्या संख्येने' राहिलं."

मी ते घातलं. तेव्हा यात काही विचित्र आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. पत्रक असंच लिहितात.

दादानं ते रत्नागिरीच्या लॉजांमध्ये वाटलं, बसस्थानकावर चिकटवलं. बाबांनी सवयीप्रमाणे आसपासच्या वाड्यांत पाठवलं. शनिवारी दुपारी आमच्या अंगणात मोटारसायकल थांबली आणि बीटचे हवालदार उतरले. पोटानं भारदस्त, स्वभावानं घाबरट. हातात पिवळा कागद.

"मोर्चाची परवानगी कुठाय?"

"मोर्चा नाही, सहल आहे," मी म्हणाले.

"कूच लिहिलंय."

"चालत जाणार आहोत."

"हजारोंच्या संख्येनं?"

"ती लिहायची पद्धत आहे."

"मागण्या कोणाकडं?"

"पाहुण्यांकडे."

हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला. "म्हणजे पाहुण्यांना बोलवायचं आणि पाहुण्यांविरुद्धच मोर्चा?" त्यांना ते मनापासून समजून घ्यायचं होतं. शेवटी म्हणाले, "मी काही थांबवत नाही. पण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मला बरोबर राहावं लागेल. कुठपर्यंत आहे?"

मी बोट केलं. त्यांनी बोटाच्या दिशेनं मान वर केली, आणखी वर केली आणि काकूकडे पाणी मागितलं.

रविवारी सहाला वडाखाली पाहिलं तर माणसं होती. दादाचा चेहरा फुलला आणि लगेच गोंधळला. रत्नागिरीच्या एका बँकेतल्या चार बायका होत्या, टोप्या घालून. एक पुण्याचं जोडपं होतं. नवऱ्याच्या पाठीवर ही भलीमोठी पिशवी, बायकोच्या हातात फक्त पाण्याची बाटली. इथवर ठीक. पण त्यांच्या शेजारी वरच्या वाडीतल्या दहा-बारा बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. हवालदार वडाच्या मुळावर बसून बुटांच्या नाड्या आवळत होते. आणि रस्त्यापलीकडे, आपला याच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं, हातात छत्री घेऊन काका.

हंडेवाल्यांमधली सगळ्यात पुढची मावशी माझ्याकडे आली. "बोल गो. घोषणा कंदी द्यायच्या?"

"कसल्या घोषणा, मावशी?"

"पाण्याच्या. तूच लिवलंस ना, डुऱ्याचं पाणी आमी पितो म्हणून? वाचल्यावर बरं वाटलं. तुज्या बापसानंतर कोणतरी लिवलं."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी सांगितलं की ही सहल आहे. पाहुणे डोंगर बघायला आलेत.

मावशीनं पाहुण्यांकडे पाहिलं, मग हंड्याकडे, मग माझ्याकडे. "म्हंजे आमी पहाटे उठून रिकामे हंडे फिरवायला आलाव?"

तेवढ्यात बँकेतली एक बाई पुढे आली. "अय्या, हंडे घेऊन चढायचं का? पारंपरिक?"

"होय तर," मावशी क्षणभरही न थांबता म्हणाली. "आमी रोजच करताव ही परंपरा. उतरताना तुमाला पण देऊ एकेक."

आणि ती माझ्या हातातून पत्रक घेऊन स्वतःच पुढे झाली. वरची वाडी घाटवाटेवरच आहे, त्यांना तसंही घरी जायचं होतं. "चलो!" ती ओरडली. "घाटमाथा!" बायकांनी हंड्यांवर ठेका धरला. असा आमच्या गावचा पहिला पर्यटन उपक्रम निघाला. पुढे हंडे, मध्ये टोप्या, मागे पोलीस. आणि त्याच्याही मागे, वीस पावलांचं अंतर राखून, छत्री.

वाडीखालच्या नदीत डुरा आला. वाळूत खणलेला हातभर खोल खड्डा आणि तळाशी वाटीभर पाणी. मावशीनं करवंटीनं ते हंड्यात घेतलं आणि थांबली. पुन्हा वाटीभर साचायला जो वेळ लागला तेवढा वेळ सगळे उभे राहिले. बँकेतल्या बायकांचे फोन आपोआप खाली आले.

"हंडा भरायला किती वेळ लागतो?" हवालदारांनी विचारलं.

"बसा ना साहेब. भरल्यावर सांगते."

हवालदारांनी खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिलं. एक हंडा तिथेच ठेवून बायका आपल्या वाडीत शिरल्या. खरी चढण पुढे होती.

घाटवाट म्हणजे पायऱ्या नव्हेत. जांभा संपतो आणि काळा दगड सुरू होतो, तिथून वाट सरळ आकाशाकडे तोंड करते. दोन्ही बाजूंना करवंदांच्या जाळ्या. बँकेतल्या बायका एका जाळीत शिरल्या त्या पंधरा मिनिटांनी ओरखडे आणि जांभळे ओठ घेऊन बाहेर आल्या, अत्यंत समाधानी. हवालदार म्हणाले की कामावर असताना ते काही खात नाहीत. मग त्यांनी जाळीची पाहणी केली. पाहणी बराच वेळ चालली.

पुण्याच्या गृहस्थांना मात्र करवंदांकडे बघायचीही ताकद उरली नव्हती. त्यांची पिशवी प्रत्येक वळणाला त्यांना मागे ओढत होती. एका खड्या चढावर ते थांबले, पट्टा खांद्यावरून काढला आणि दादासमोर धरला.

"भाऊ, जरा धरता का हो? त्याचं वेगळं देईन."

माणूस वाईट नव्हता. दमला होता. आणि दादाची पंचाईत ही की तो त्याच्याहून चांगला. कुणी दमलेलं दिसलं की त्याचा हात विचारायच्या आधीच पुढे जातो. तो गेलाच. बोटं पट्ट्याला लागली.

मी खाली पाहिलं. छत्री थांबली होती.

माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, उद्गारचिन्हांसह. पण मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं, दादाचं नाही. मी ओठ मिटले. करवंदाच्या चिकानं आधीच चिकटले होते, त्याची मदत झाली.

दादानं बोटं मागे घेतली. रागानं नाही, जसं कुणी दुसऱ्याचं ताट चुकून ओढल्यावर मागे घेतो तसं. "पुढच्या वळणावर ओझं टेकायचा दगड आहे," तो म्हणाला. "तिथपर्यंत हळूहळू चला. मी थांबतो तुमच्याबरोबर. पण उचलायची तुम्हीच."

"अहो, पैसे देतोय ना."

"मागणी क्रमांक दोन," मागून आवाज आला. हवालदार होते. जांभळे ओठ, हातात पिवळा कागद. रात्रभर त्यात आक्षेपार्ह काय ते शोधून त्यांना तो पाठ झाला होता. "आपले ओझे आपणच उचलावे. स्पष्ट लिहिलंय साहेब."

कायद्याचा माणूसच म्हणाल्यावर गृहस्थांचा इलाज खुंटला. पिशवी पुन्हा पाठीवर गेली.

वळणावर तो दगड आला. छातीएवढा उंच, माथ्यावर सपाट. डोक्यावरचं ओझं न वाकता सरकवता यावं इतक्याच उंचीचा. गृहस्थांनी पाठ वळवून पिशवी त्यावर टेकवली आणि असा श्वास सोडला की वरची पाखरं उडाली.

"कुणी बसवला हा?" बँकेतल्या बाईनं विचारलं.

दादा मागे बघत होता. काका छत्री मिटून वर आले. अंतर संपलं होतं. त्यांनी दगडावर हात ठेवला.

"ज्यांच्या डोक्यावर ओझी असायची त्यांनी," काका म्हणाले. "माझा बापूस इथं टेकायचा. साहेबाची पेटी."

"किती मिळायचे हो त्यांना?"

"पैसे नाय. शिव्या मिळायच्या. त्या मात्र रोख."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. काकांनी पिशवीवर टिचकी मारली. "काय आहे एवढं आत?"

गृहस्थ ओशाळले. आत घडीची खुर्ची होती. वर पोचल्यावर सूर्योदय बघायला. सूर्य केव्हाच डोक्यावर आला होता.

"मी नको म्हणाले होते," त्यांची बायको म्हणाली. पूर्ण चढावर तिचं हे पहिलंच वाक्य. "आणलीस ना? आता ने."

गृहस्थांनी पिशवी उचलली. काकांनी मागून पट्टा नीट केला, पिशवी उचलली मात्र नाही. मग छत्रीनं वाट दाखवत म्हणाले, "डावीकडून. उजवीकडं दगड सुटे आहेत." आणि त्यानंतर पठारापर्यंत काका पुढे होते. ते एकेकाला बोलवायचे, मध्ये घुसणाऱ्याला थांबवायचे, "नंबर आल्यावर" म्हणायचे. कचेरीच्या दारात आयुष्य काढलेल्या माणसासमोर सह्याद्रीसुद्धा रांगेत उभा राहतो.

पठारावर वारा होता. खुर्ची उघडली गेली. तिच्यावर आळीपाळीनं सगळे बसले, सगळ्यात जास्त वेळ हवालदार. त्यांनी बूट काढले, खाली सगळं कोकण पाहिलं आणि म्हणाले, "या बीटला सात वर्षं आहे मी. हे वर असतं हे माहीतच नव्हतं." उतरताना सगळे, वाडीपासून तासाभराच्या चढावर असलेल्या डोहात पाय सोडून बसले. धबधबा कुणी मागितला नाही. फक्त एका बाईनं कोरड्या दगडाचा फोटो काढला आणि त्याखाली लिहिलं, 'न मागितलेला धबधबा'. डुऱ्याशी ठेवलेला हंडा मावशीनं भरून, कबूल केल्याप्रमाणे बँकेतल्या बायकांकडूनच वर वाडीत नेववला. मी "ही वेठ आहे" असं म्हणायला तोंड उघडलं. मावशी म्हणाली, "गप गो. त्या हौशीन नेतायत. आणि पाणी सांडू नका म्हणावं."

हवालदारांनी वर कळवायच्या कागदात 'मोर्चेकऱ्यांच्या मागण्या' या रकान्यात पाचही मागण्या जशाच्या तशा उतरवल्या, करवंदांसकट, आणि खाली वाडीला पाण्याची अडचण असल्याचं स्वतःच्या अक्षरात जोडलं. त्याच आठवड्यात वरच्या वाडीत टँकर आला. बाबा दोन दिवस कोरा कागद समोर घेऊन बसले. इतकी वर्षं पत्रकं काढून जे झालं नाही ते सहलीनं व्हावं, याचा आनंद करायचा की निषेध, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

पण ते नंतर. रविवारी दुपारी पाहुणे जेवून गेले, तरी तिकीट रात्रीपर्यंत कपाटातच होतं. दादा विचारत नव्हता. काकूनं बॅगेची चेन अर्धी लावली, मग पुन्हा उघडली.

सोमवारी सकाळी काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. कपाट उघडून तिकीट काढलं.

"पत्रकं किती उरली?" त्यांनी मला विचारलं.

"गठ्ठाभर. का?"

"मुंबईत आपल्या गावच्या मंडळाच्या खोलीत माणसं मे महिनाभर पंख्याखाली पडलेली असतात. डोंगर त्यांचा आहे, आणि बघितला कुणी नाय." त्यांनी तिकीट खिशात घातलं. "जागा काढलेली आहे, वाया का घालवायची?"

दादा दारात उभा होता. काकांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "त्या उजवीकडच्या सुट्या दगडांचं बघ. पुढच्या रविवारच्या आत."

आम्ही थांब्यावर गेलो. पलीकडच्या गावचं कुत्रं उठून आमच्याकडे बघत राहिलं. गाडी आली. पिवळ्या कागदांचा गठ्ठा दोरीनं बांधलेला, चांगलाच जड. काकांचं वय, गाडीची उंच पायरी. मी पुढे होऊन गठ्ठ्याला हात घातला.

काकांनी छत्रीनं माझ्या बोटांवर हलकेच मारलं.

"ठेव खाली," ते म्हणाले. "मागणी क्रमांक दोन."